राखेच्या खड्ड्याखालची हिरवी रेघ

आत्या रागावली की आधी तिच्या चपला वाजायच्या. फाटकापासूनच तो फटक फटक आवाज यायचा आणि गल्लीतला जो तो मनातल्या मनात कालचा दिवस आठवून बघायचा, आपल्या हातून काही घडलंय का म्हणून. आवाज दारावरून पुढे गेला की लोक सुटकेचा श्वास टाकायचे आणि लगेच दारात यायचे, आज कोणाची पाळी आहे ते बघायला.

त्या सकाळी पाळी बियाणेवाल्याची होती.

"हे बी आहे की खडे?" तिने मूठभर घेवडा त्याच्या गल्ल्यावर आपटला. "झाडं वीतभर वाढली आणि पिवळी पडली. फुलं आली ती गळली. शेंगा धरल्या त्या पोकळ. फुंकर मारली तर उडून जातील!"

"आत्या, हेच बी वरच्या अंगाला सगळ्यांनी पेरलंय. त्यांचं..."

"त्यांचं मला सांगू नकोस. माझं सांग!"

बियाणेवाला शहाणा माणूस. तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला. ती पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू झाली. मी वाटाण्याचं बी घ्यायला गेले होते, ते न घेताच परतले.

आत्या माझी नात्याने कोणी नव्हे. तिचा भाचा लहान असताना 'आत्या, आत्या' करत गल्लीभर तिच्यामागे फिरायचा, म्हणून ती सगळ्यांचीच आत्या झाली. उंच, हाडापेराने रुंद, केस मागे घट्ट ओढून बांधलेले, इतके घट्ट की भुवयासुद्धा जरा वर ताणलेल्या वाटत. लग्न झालं होतं, टिकलं नाही. का टिकलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. धाकट्या भावाच्या घरी परत आली आणि त्याच्या शेतात राबायला लागली. भावजय गेल्यावर भाच्याला तिनेच वाढवलं.

आणि धाकटा? तो तिच्या अगदी उलट. पावलं वाजणार नाहीत असा चालायचा, दार उघडलं तर बिजागरीची माफी मागेल असा. कोणी काही विचारलं की आधी मान हलवायचा, मग विचार करायचा की आपण हो म्हणालो की नाही. वाईटाचा लवलेश नाही. पण तोंड उघडायचं म्हणजे त्याला विहीर खणण्यासारखं.

जमीन त्याच्या नावावर होती. त्यातला ओढ्यालगतचा खालचा तुकडा त्याने आत्याला म्हणून दिलेला. कागदावर नव्हे, तोंडी. "हा तू कस, अक्का. तुझाच." माती आंबट, पाणी धरून ठेवणारी, कडेकडेने शेवाळ. दुसऱ्या कोणी नाक मुरडलं असतं. आत्याने त्यात घेवडा आणि वाटाणा घेऊन दाखवला, आणि तो घेतला राखेच्या जोरावर.

तिची पद्धत ठरलेली. कुजेल ते सगळं खताच्या ढिगात. जे लवकर कुजत नाही तेवढंच जाळायचं: सूर्यफुलाचे जाड दांडे, कणसातले दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडं, कीड लागलेल्या वेली. प्लास्टिकची एक पिशवी जरी ढिगात सापडली तरी गल्लीला संध्याकाळपर्यंत ऐकावं लागे. राख गार झाली की चाळायची, झाकणाच्या पिंपात कोरडी ठेवायची. मग घेवड्याच्या ओळीत, खोडापासून चार बोटं लांब, चिमटीने भुरभुरायची आणि खुरप्याने हलकेच मातीत मिसळायची. शेणखत टाकलं त्याच वेळी राख कधी नाही. "दोघांचं पटत नाही," ती म्हणायची, "भांडतात आणि खतातला जीव हवेत निघून जातो." राखेने माती गोडावते, शेंगा भरतात, हे तिने सांगायची गरज नव्हती. तिच्या शेंगा घेऊन मी वर्षानुवर्षं भाजी केली आहे.

पण गेले काही हंगाम खालचा तुकडा रुसला होता. आत्याने सगळ्यांना धारेवर धरून झालं. कबुतरांना, ओढ्याला, वरच्या शेतातून पाणी सोडणाऱ्याला आणि आता बियाणेवाल्याला. आणि घरात भाचा संधीच बघत होता.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा भाचा माझ्या वर्गात होता. बेरीज पक्की, धीर कच्चा. ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवाल्याला माती हवी होती, आणि खालच्या तुकड्यातली चिकण माती त्याला पसंत पडली होती.

"आत्या, राग मानू नकोस," भाचा एकदा माझ्यासमोरच तिला म्हणाला. ही त्याची सुरुवातच चुकली. "तिथे आता काही उगवत नाही. तूही थकलीस. गुडघा बघ तुझा."

"गुडघ्याचं पीक काढते का मी?"

"तसं नाही. पण यंदाही शेंगा आल्या नाहीत तर मी भट्टीवाल्याला हो म्हणणार. अप्पाही नाही म्हणालेले नाहीत."

"तुझा अप्पा आयुष्यात कधी कशाला नाही म्हणालाय? आणि कधी कशाला हो?" तिने वळून भावाकडे पाहिलं. धाकटा ओसरीवर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ देवालाच ठाऊक.

माती एकदा खणून नेली की मागे खड्डा उरतो आणि खड्ड्यात पाणी. एवढं वय झालेली बाई, स्वतःचं म्हणून या जगात तेवढाच एक तुकडा, आणि त्याची वीट होणार. त्या दिवशी मलाही राग आला. भाच्याचा नव्हे, त्या अंगठ्याचा. इतक्या बारकाईने अंगठा बघणाऱ्या माणसाचा.

शेंगा न येण्याचं कारण कळलं ते एका करपलेल्या पातेल्यामुळे.

भाचेसुनेने दूध उतू घालवलं, करपवलं आणि साबण संपला होता. आत्या म्हणाली, "आण इकडे, राखेने घासते. तुम्हाला साबणाशिवाय हात धुता येत नाहीत." पिंपातली मूठभर राख काढली, पाणी शिंपडलं आणि पातेल्याला भिडली. घासतेय, घासतेय. दूध निघेना. कडेचं तूपही निघेना. बोटांना राख खरखरीत लागत होती, वाळूसारखी. राखेचा तो गुळगुळीतपणा, हात बुळबुळीत करणारा, नखाजवळच्या चिरेत चुरचुरणारा खार, त्याचा पत्ता नाही.

भाचेसून म्हणाली, "राहू द्या आत्या, मी साबण मागवते." सून हसत होती. तिने हसायला नको होतं.

आत्याने पातेलं मोरीत भिरकावलं आणि ओला हात जिभेला लावला. मग चपला वाजवत माझ्याकडे आली.

"बाई, जीभ लावून बघा."

"काय आहे?"

"आधी बघा, मग विचारा."

मी बघितली. धूळ लागली. नुसती धूळ.

"राखेतला खार कोणीतरी पळवलाय," ती म्हणाली. "ही राख मेलेली आहे, बाई. मी इतके दिवस मातीला माती घालत होते!"

तिचा आवाज ऐकून पलीकडच्या घरातली माणसं दारात आली. आम्ही दोघी तशाच मागच्या दाराने शेतात गेलो. राखेचा खड्डा खालच्या तुकड्याच्या वरच्या कडेला, उतारावर. त्यावर ती लोखंडी पत्रा झाकून वर दगड ठेवायची, दव पडू नये म्हणून. पत्रा जागच्या जागी. दगडही. तिने पत्रा उचलला. आत राखेचे गोळे झालेले, वर साय धरल्यासारखा थर.

"हे गोळे मला दरवेळी मिळतात," ती म्हणाली. "मला वाटायचं दव झिरपतं."

मग तिला ती दिसली. खड्ड्याच्या खालच्या बाजूला, कडेलाच, गवत करपून तपकिरी झालेलं. आणि तिथून पुढे उतारावर ओढ्यापर्यंत एक हिरवी रेघ गेलेली. तीन पानांचं रानगवत, शेंगवर्गातलंच, घोट्याइतकं दाट, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. दोन्ही बाजूंना शेवाळ आणि मधून ही रेघ, कोणी खडूने ओढावी तशी. तिच्या घेवड्याचं सगळं खाणं या फुकट्या गवताने खाल्लं होतं.

आत्या त्या रेघेकडे बघत उभी राहिली. ओरडली नाही. त्याची मला भीती वाटली.

"दवाने एवढं पाणी वाहत नाही," ती म्हणाली. "कोणीतरी बादल्या ओततंय."

तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडे दांडे जाळले, दुपारी पत्रा झाकला, दगड ठेवले आणि संध्याकाळी माझ्या मागच्या खिडकीशी येऊन बसली. मी चहा केला, तिने तो निवू दिला. उजेड होता अजून. शेतात एक माणूस आला. पावलं वाजत नव्हती. हातात बादली. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दगड एकेक करून बाजूला ठेवले, पत्रा उचलला. चर्र्र असा आवाज आमच्यापर्यंत आला. वाफ वर गेली. मग त्याने पत्रा झाकला आणि दगड पुन्हा जसेच्या तसे लावले, अगदी मोठा मोठ्याच्या जागी, लहान लहानाच्या.

माझ्या तोंडून "अगं बाई, हा तर..." एवढं निघेपर्यंत चपला वाजतही होत्या. मी मागोमाग गेले.

"काय करतोयस?"

धाकटा दचकला. रिकामी बादली त्याने पाठीमागे लपवली. साठी ओलांडलेला माणूस, बादली पाठीमागे.

"काही नाही."

"बादली घेऊन काही नाही?"

"विझवत होतो. वारा सुटलाय."

"कुठाय वारा? पान हलत नाहीये!"

"सुटला असता."

"कधीपासून चाललंय हे?"

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. "तुझा गुडघा दुखायला लागला आणि तू राख गार व्हायच्या आत घरी जायला लागलीस, तेव्हापासून."

"दर वेळी?"

मान हलली. या खेपेला अर्थ स्पष्ट होता.

"माझं पीक जात होतं! पोरगा माझी जमीन भट्टीत घालायला निघालाय! मी त्या बियाणेवाल्याच्या सात पिढ्या काढल्या! आणि तू शेजारी बसून जेवत होतास? बोलला का नाहीस?"

"तू रागावली असतीस."

"मग आता काय मी अंगाई गातेय?"

मी मध्ये पडायला गेले. "आत्या, त्याच्या मनात भीती..."

"बाई, तुम्ही गप्प बसा. याच्या मनातलं मला माहीत आहे. याच्या मनातलं मी अंगावर घेतलंय!"

आणि मग ते जुनं निघालं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. दोघं लहान असताना बापाने धाकट्याला जळत्या काड्यांवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. तो कुठेतरी खेळायला पळाला. वारा सुटला, ठिणगी गेली, वर्षभराच्या चाऱ्याची गंजी पेटली. बाप आला तेव्हा समोर होती ती अक्का, ओल्या पोत्याने आग झोडपत. "तुला सांगितलं होतं ना लक्ष ठेवायला?" बापाचा समज तसा झाला. तिने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा बोलला नाही. मार तिने खाल्ला, आणि त्यानंतरची किती तरी वर्षं 'हिने गंजी जाळली' हे ऐकलं, सासरी जाईपर्यंत, आणि सासरीही.

"पाण्याचा राग नाही मला," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खालचा आवाज ऐकवत नव्हता. "घाबरलास, घाबर. माणूस घाबरतो. पण तू तेव्हा गप्प बसलास आणि आताही गप्प बसलास. दोन्ही वेळा जळलं ते माझं."

ती वळली आणि निघाली. धाकटा बादली धरून तिथेच उभा. त्याला काही सांत्वनाचं बोलावं असं माझ्या मनात आलं, सवयच ती. पण खरं सांगते, मन झालं नाही. मीही घरी आले.

त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका स्वयंपाकघरात. मी गेले की माझ्यामार्फत निरोप चालायचे. "बाई, याला सांगा, आमटी निवतेय." तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला. "बाई, याला विचारा, वाढू का अजून." मी विचारायची, तो मान हलवायचा, मी तिला सांगायची. एकदा मी कंटाळून म्हटलं, "आत्या, मला शाळेतून सुटी मिळालीय ती यासाठी नाही." ती म्हणाली, "मग याला सांगा, हातवारे शिक. मान एकटीने किती काम करणार!"

बियाणेवाल्याकडे मात्र ती स्वतः गेली. भर बाजारात उभी राहून म्हणाली, "बी चांगलं होतं. चूक माझी झाली." तो विरघळून काही बोलणार, तोच पुढचं आलं, "पण म्हणून तुझा तराजू सरळ आहे असं नाही!"

मग एका सकाळी भट्टीवाला आला. सोबत भाचा, आणि कुदळ घेतलेला एक मजूर. तुकड्यात एक खड्डा घेऊन माती बघायची, असं ठरलं होतं. आत्या तुकड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आत्या, बाजूला हो. नुसती बघणार आहेत."

"बघायला कुदळ लागते? डोळे लागतात."

"हे बघ," भाच्याचा आवाज चढला, कारण परका माणूस ऐकत होता. "इतके हंगाम तू इथे राख टाकलीस. काय आलं? शेवाळ! ही जमीन मेलेली आहे. तुझ्या हट्टापायी घराने किती..."

"जमीन मेलेली नाही."

सगळ्यांनी मागे पाहिलं. धाकटा कधी येऊन उभा राहिला होता कोणाला कळलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं.

"अप्पा, तुम्ही घरी जा," भाचा म्हणाला.

"जमीन मेलेली नाही. राख मेलेली होती. मी मारली. मी पाणी ओतायचो. खार सगळा धुऊन जायचा." तो थांबला. मला वाटलं संपलं. पण माणूस एकदा विहिरीत उतरला की उतरलाच. "आणि गंजी मी पेटवली. म्हणजे मी पळालो. अक्का नव्हती. अक्का विझवत होती."

"कुठली गंजी?" भाच्याने विचारलं. त्याच्या जन्माआधीची ती गोष्ट.

भट्टीवाला कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. "म्हणजे," तो म्हणाला, "माती मिळणार नाही का?"

"नाही," धाकटा म्हणाला. मान हलवली नाही, तोंडाने म्हणाला. "ही अक्काची आहे. मी दिलीय. कागदही करून देतो."

"अप्पा, मी शब्द दिलाय त्यांना!"

"माझी जमीन, माझी बहीण. शब्द तू कसला दिलास?"

भाचा इतका चिडला की मजुरावरच ओरडला, "तू काय कुदळ धरून उभा आहेस!" आणि तरातरा निघून गेला. भट्टीवाला नमस्कार करून त्याच्यामागे.

आता बहीणभावांच्या डोळ्यांत पाणी वगैरे येईल असं मला वाटलं, आणि मी मान दुसरीकडे वळवली. काही आलं नाही. आत्याने कमरेवर हात ठेवले.

"एवढं बोलायला एवढी वर्षं लागली? बाप मेला! तो जिवंत असताना बोलला असतास तर काही उपयोग होता!"

"हो," तो म्हणाला.

"हो काय हो! उद्या दांडे जाळायचे आहेत. इथे येऊन बसायचं. पूर्ण विझेपर्यंत. बादली भरून शेजारी ठेव हवी तर. पण माझ्या राखेत थेंब पडला तर तुला त्याच बादलीत बुडवीन."

इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. मी बाजूला होते, पण निरोप माझ्यामार्फत गेला नाही.

धाकटा दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या वेळी खुर्ची आणायचा कंटाळा आला म्हणून त्याने भरलेली बादली शेजारी ठेवली आणि दुसरी उपडी घालून तिच्यावर बसला. त्या हंगामाची राख मी जिभेला लावून बघितली, आणि दोन दिवस जेवण चवीचं लागलं नाही. घेवड्याने पाऊल टाकलं, मग धाव घेतली. शेंगा अशा भरल्या की वेली काठीवर वाकल्या. एका मोसमात माती पुरती गोडावत नाही, कडेचं शेवाळ अजून आहे. पण वीट व्हायची वेळ टळली. खड्ड्याखालची हिरवी रेघ मात्र सुकली. तिला आता कोणी खायला घालत नव्हतं.

भाच्याने शेंगांची टोपली बघून म्हटलं, "आत्या, वरच्या शेतातल्या वाटाण्याला थोडी राख मिळेल का?" त्यावर तिने त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. राख दिली.

भावावरचा राग गेला का, असं मी तिला विचारलं होतं. ती शेंगा सोलत होती. "का जाईल?" ती म्हणाली. "माझा आहे. सांभाळून ठेवलाय."

त्यानंतरच्या वर्षी दांडे जाळायच्या दिवशी मी खिडकीत होते. ढीग चांगला पेटलेला, आत्या कुंपणाशी वेली बांधत होती, धाकटा उपड्या बादलीवर. तेवढ्यात ओढ्याकडून वारा आला. खराखुरा वारा, माझा पडदा फडफडला. ठिणग्या उडायला लागल्या. धाकटा उठला. भरलेल्या बादलीकडे त्याचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"अक्का!" तो ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता. "वारा सुटलाय! पाणी टाकू?"

"टाक की मेल्या!" आत्या चपला सोडून धावत सुटली. "विचारत काय बसलायस!"